स्टीव्हन्सन नावाची माणसं

प्रस्तावना

स्टीव्हन्सन म्हटलं की बहुतेक मराठी वाचकांना एकच माणूस आठवतो: 'ट्रेझर आयलंड'चा लेखक. कुबडीवर चालणारा एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हर, त्याच्या खांद्यावरचा पोपट आणि खजिन्याचा नकाशा ही मंडळी संक्षिप्त मराठी अवतारांतून आपल्या शाळांच्या कपाटांत केव्हाच येऊन बसली. या लेखकाचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. त्याच्या सत्तेचाळीस वर्षं आधी, २ सप्टेंबर १८०३ रोजी, त्याच आडनावाच्या एका कर्नलनं जालन्याचा किल्ला घेतला होता. कादंबरीकाराला जालना जिल्ह्यातला वाचक ओळखतो. कर्नलला ओळखणारे मात्र मोजकेच, आणि तेही बहुधा असईच्या लढाईचा नाद लागलेले.

ही पुस्तिका एका आडनावाबद्दल आहे. कोणा एका घराण्याचा हा इतिहास नव्हे. स्टीव्हन्सन हे आडनाव लावणारी काही माणसं वेगवेगळ्या कामांनी आपल्या मुलखाशी जोडली गेली. एकानं किल्ले घेतले, एकानं मराठीचं व्याकरण लिहिलं, काहींनी रेल्वेच्या कंपन्या उभ्या राहायला हातभार लावला आणि एकानं कादंबऱ्या लिहिल्या. पैकी शेवटचा इतका प्रसिद्ध झाला की बाकीचे त्याच्या नावाखाली झाकले गेले. त्यांना एकेक करून बाहेर काढायचं आणि ज्याचं जे काम त्याच्या पदरात घालायचं, एवढाच या पुस्तिकेचा हेतू आहे.

आधी आडनावाविषयी. आपण गोऱ्या माणसाला सरसकट इंग्रज म्हणतो, आणि त्याच सवयीनं स्टीव्हन्सनलाही इंग्रजी आडनाव समजतो. ते ब्रिटनभर आढळतं हे खरं, पण त्याचं दाट पीक स्कॉटलंडच्या दक्षिण भागातलं. अर्थ सरळ आहे: स्टीव्हनचा मुलगा. निजामी आणि मराठी कागदपत्रं वाचणाऱ्याला ही पद्धत नवी वाटणार नाही. आपल्याकडच्या जुन्या महजरांत आणि जमिनीच्या कागदांत माणसाची ओळख 'अमुक बिन तमुक' किंवा 'अमुक वल्द तमुक' अशीच दिलेली असते. फरक इतकाच की आपल्याकडे बापाचं नाव पिढीगणिक बदलत राहिलं आणि आडनाव म्हणून गाव, वतन किंवा कुळ चिकटलं. तिकडे मात्र कुठल्या तरी एका पिढीला बापाचं नाव गोठलं आणि पुढच्या सगळ्यांना ते आडनाव म्हणून लागलं.

ही गोठण्याची क्रिया एकाच घरात झाली नाही. स्टीव्हन हे ख्रिस्ती संताचं नाव असल्यामुळे गावोगाव स्टीव्हन होते, म्हणून गावोगाव स्टीव्हन्सनही झाले. त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असण्याचं काहीच कारण नाही. गाव सांभाळणारे कुलकर्णी जसे गावागणिक वेगळे आणि आडनाव एक असलं तरी गोत्रं वेगळी, तसाच हा मामला. शिवाय लिहिण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत 'व्ही' हे अक्षर येतं, दुसरीत 'पीएच'. कादंबरीकार पहिल्या तऱ्हेचा, वाफेच्या इंजिनाचा प्रसिद्ध जॉर्ज दुसऱ्या तऱ्हेचा. देवनागरीत आले की दोघेही 'स्टीव्हन्सन' होतात. त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात आगगाडीवाला आणि खजिन्याच्या बेटावाला एकाच घरचे ठरण्याचा धोका अधिक. ते एका घरचे नाहीत, हे इथंच नोंदवून ठेवतो. लेखकाचं घराणं दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्यांचं. रेल्वेवाल्या जॉर्जचं घर इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कोळसाखाणींतलं.

या आडनावाचा शोध घेणारे आपण पहिले नव्हे. खुद्द कादंबरीकारालाच त्याचा ध्यास होता. आयुष्याच्या अखेरीस, प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटावर राहत असताना, त्यानं आपल्या अभियंत्या पूर्वजांचा वृत्तांत लिहायला घेतला. तो अपुराच राहिला आणि त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्याचं सुरुवातीचं प्रकरण स्टीव्हन्सन या आडनावावरच आहे. जुन्या कागदांत त्याला हे नाव अनेक वेगवेगळ्या रूपांत सापडलं. त्याला मनातून एक गोष्ट हवी होती: आपलं कुळ रॉब रॉय या प्रसिद्ध बंडखोराच्या मॅकग्रेगर टोळीतून निघालेलं असावं. त्यासाठी आधारही दिसत होता. १६०३ साली स्कॉटलंडच्या राजानं मॅकग्रेगर हे नाव लावण्यावरच बंदी घातली होती, आणि त्या टोळीतल्या लोकांना जीव वाचवण्यासाठी दुसरी नावं घ्यावी लागली होती. त्यांतल्या काहींनी स्टीव्हन्सन हे नाव घेतलं असेल तर? पण इच्छा म्हणजे पुरावा नव्हे, हे त्याला कळत होतं. हाती लागले ते साधे शेतकरी, कारागीर, व्यापारी.

पूर्वज थोर असावेत ही ओढ आपल्यालाही ठाऊक आहे. जालन्याच्या शेजारचं सिंदखेड राजा हे जिजाऊंचं माहेर. तिथल्या जाधवांचं कुळ देवगिरीच्या यादवांशी जोडलं जातं, आणि आज महाराष्ट्रात जाधव आडनावाची लाखो माणसं आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला लखुजीरावांच्या घरातलं ठरवता येणार नाही, हे जाणकार जाधवही मान्य करतील. आडनाव दार दाखवतं. आत कोण राहतं ते कागद पाहूनच ठरवावं लागतं.

आता कर्नलकडे येऊ, कारण जालनेकरांच्या दृष्टीनं या पुस्तिकेचा गाभा तोच आहे. कर्नल जेम्स स्टीव्हन्सन हा कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतला अनुभवी अधिकारी. १८०० साली धोंड्या वाघाचा पाठलाग चालू होता तेव्हा एक तुकडी त्याच्याकडे होती. त्यानंतर मलबारात पळशी राजाविरुद्धच्या मोहिमेतही तो होता. १८०३ साली हैदराबादच्या निजामाच्या मदतीला ठेवलेल्या तैनाती फौजेचं नेतृत्व त्याच्याकडे आलं.

पार्श्वभूमी वाचकांना माहीत असेल, तरी दोन ओळींत सांगतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं वसईचा तह केला आणि इंग्रजांच्या आधारानं तो पुण्याच्या गादीवर परत बसला. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना हा तह मान्य होणं शक्य नव्हतं. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्धाला तोंड फुटलं. त्याच महिन्याच्या ६ तारखेला हैदराबादेत निजाम अली मरण पावला आणि सिकंदरजाह गादीवर आला. ऑर्थर वेलस्लीनं १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला आणि महिनाअखेर औरंगाबाद गाठलं. तोवर शिंदे-भोसल्यांची फौज अजिंठ्याचा घाट ओलांडून जालन्याच्या मुलखात शिरली होती.

स्टीव्हन्सननं २ सप्टेंबरला जालना घेतलं. हा किल्ला तेव्हा शिंद्यांच्या ताब्यातला. पुढचे तीन आठवडे दोन्ही फौजांचा लपंडाव चालला. मराठ्यांची चपळ घोडदळं गोदावरीच्या रोखानं जात आणि इंग्रजांच्या हालचाली पाहून मागं वळत. स्टीव्हन्सननं रात्रीचे छापे घालून त्यांना बेजार केलं. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची गाठ बदनापूरला पडली. आज नांदेडकडे जाणारी गाडी जालन्याच्या अलीकडे ज्या बदनापूरला थांबते, तेच हे गाव. तिथं ठरलं ते असं: फौजेचे दोन भाग करायचे, डोंगरांच्या दोन बाजूंनी दोन वाटा धरायच्या आणि २४ तारखेला भोकरदनजवळ मिळून शत्रूवर चालून जायचं. वेलस्लीनं पूर्वेची वाट घेतली, स्टीव्हन्सननं पश्चिमेची. एवढी मोठी फौज, तोफा आणि बैलगाड्या एकाच अरुंद वाटेनं नेल्या असत्या तर एक दिवस वाया गेला असता आणि शत्रू हातचा निसटला असता, असा त्यामागचा हिशेब होता.

हिशेब चुकला. २३ तारखेला वेलस्लीला कळलं की मराठ्यांची फौज अंदाजापेक्षा फार जवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई गावापाशी आहे. स्टीव्हन्सनची वाट न बघता त्यानं त्याच दुपारी लढाई दिली. पिंपळगाव आणि वरूड या दोन गावांच्या मधून नदीला उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून तो पलीकडे गेला. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा प्रमुख अँथनी पोलमन हा जर्मन होता, आणि त्यानं तोफांची रांग झपाट्यानं फिरवली. इंग्रजांच्या बाजूनं ४२८ मेले, ११३८ जखमी झाले. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या. त्या तोफांवरचे गोलंदाज जागच्या जागी लढत पडले, हे शत्रूनंही मान्य केलं. ज्या स्कॉटिश पलटणी त्या मैदानावर कापल्या गेल्या, त्यांत ७४ व्या पलटणीची हानी सर्वांत भयंकर होती.

स्टीव्हन्सन कुठं होता? काही कोसांवरच्या मुक्कामात त्याला तोफांचा आवाज ऐकू आला. तो लगेच निघाला. पण वाटाड्यानं त्याला भोकरदनच्या दिशेला नेलं, आणि असईच्या मैदानावर तो पोचला तेव्हा २४ तारखेची संध्याकाळ झाली होती. त्यानं मुद्दाम चुकवलं या संशयावरून स्टीव्हन्सननं त्या वाटाड्याला फासावर दिलं.

या एका घटनेसाठी मी ही पुस्तिका लिहायला घेतली असं म्हटलं तरी चालेल. कर्नलचं आडनाव युद्धाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. त्याला वाट दाखवणारा, आणि त्यापायी जीव गमावणारा माणूस मात्र त्याच पुस्तकांत नुसता 'वाटाड्या' म्हणून येतो. तो भोकरदनचा होता की जाफराबादचा, कोणाचा मुलगा होता, त्यानं खरंच शिंद्यांशी इमान राखलं की पावसाळ्याच्या अखेरीस भरलेल्या नाल्यांमुळे लांबची वाट धरली, यांतलं काही त्या पुस्तकांत येत नाही. तो शिंद्यांचा माणूस असला तर त्यानं एका फौजेला एक दिवस लढाईबाहेर ठेवलं, आणि ते काम एखाद्या सरदाराच्या कामापेक्षा हलकं नव्हतं. तो निरपराध असला तर त्याच्यावर घोर अन्याय झाला. कसंही असलं तरी तो आपल्या जिल्ह्यातल्या इतिहासाचा माणूस आहे, आणि आडनावांचा अभ्यास करणाऱ्यानं बिनआडनावाच्या माणसाची नोंद घेतलीच पाहिजे.

असईचं श्रेय वेलस्लीला गेलं, आणि पुढं १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवून तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला. योगायोग असा की त्याचंही आडनाव मूळचं नव्हतं. त्याच्या आजोबांचं घराणं कॉली. त्यांनी वारशासोबत वेस्ली हे नाव घेतलं, आणि १७९८ च्या सुमारास या कुटुंबानं त्याचं वेलस्ली केलं. स्टीव्हन्सन हे नाव असईच्या सावलीत राहिलं, याचं कारण त्याचा एक दिवसाचा उशीर. त्यानंतरची कामं मात्र बहुतांशी त्याचीच. ऑक्टोबरमध्ये त्यानं बुऱ्हाणपूर आणि मग दक्षिणेचा दरवाजा समजला जाणारा असीरगड घेतला. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या लढाईत तो इतका आजारी होता की हत्तीवर बसून लढाई पाहत होता. डिसेंबरमध्ये मेळघाटातल्या गाविलगडाला वेढा पडला. मुख्य हल्ला उत्तरेकडून करायचा होता, म्हणून स्टीव्हन्सनच्या माणसांनी ७ ते १२ डिसेंबर या काळात डोंगरांतून रस्ता काढत जड तोफा ओढत नेल्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी भोसल्यांनी देवगावचा तह केला, आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंद्यांनी सुर्जी अंजनगावचा.

या शेवटच्या तहातलं एक कलम जालन्यात प्रत्येकानं वाचावं असं आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडचा सगळा मुलूख शिंद्यांनी सोडला. त्यात किल्ला आणि परगणा जालनापूर यांचा उल्लेख नावानिशी आहे, गंगापूरचाही आहे. १८०४ च्या वाटणीत हा भाग निजामाकडे गेला. म्हणजे २ सप्टेंबरला जे घडलं ते केवळ एका गढीवरचं निशाण बदलणं नव्हतं. त्याची परिणती म्हणून जालना शिंद्यांच्या हातून कायमचं गेलं आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिलं. इथली उर्दू शाळा, फारसी शब्दांनी भरलेला महसुली कारभार, रझाकारांचा काळ आणि मुक्तिसंग्राम या साऱ्याच्या मुळाशी १८०३ चा हा फेरा आहे. आपल्या जिल्ह्याच्या दीडशे वर्षांच्या वाटेला वळण देण्यात ज्याचा हात होता, त्या माणसाचं आडनाव आपल्याला एका कादंबरीमुळे ठाऊक असावं, यात काहीतरी उलटं आहे.

लोकांच्या आठवणीत गोऱ्यांची आडनावं टिकत नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. १७७९ साली कार्ल्याजवळ मारला गेलेला कॅप्टन स्टुअर्ट मराठ्यांनी 'इष्टुर फाकडा' म्हणून जपला. शत्रू असूनही तो लोकांच्या तोंडी राहिला, कारण त्याच्या शौर्याची गोष्ट झाली. स्टीव्हन्सनची गोष्ट झाली नाही. तोफा ओढत नेणारा, वेळेवर न पोचणारा, आजारी, हत्तीवर बसलेला सेनापती गोष्टीत बसत नसावा.

दुसरा स्टीव्हन्सन तलवारीचा नव्हे, लेखणीचा. रेव्हरंड जॉन स्टीव्हन्सन हा स्कॉटिश मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई इलाख्यात आला आणि पुढं कंपनीचा धर्मोपदेशक झाला. १८३३ साली मुंबईत त्याचं मराठी व्याकरण इंग्रजीत छापलं गेलं. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. त्या काळात मराठीचे नियम बसवण्याचा खटाटोप किती बाजूंनी चालला होता, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं. स्टीव्हन्सननं सामवेदाचं भाषांतर केलं (१८४२), जैनांच्या कल्पसूत्राचं केलं (१८४८) आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या लेण्यांतल्या लेखांवर लिहिलं. त्याचा आपल्या दृष्टीनं सर्वांत लक्षवेधी निबंध १८४३ चा, विठ्ठलभक्तांवरचा. वारकरी पंथाचं नातं त्यानं बौद्ध परंपरेशी जोडून पाहिलं. त्याचं म्हणणं पटो वा न पटो, विठोबाच्या उगमावरचा वाद मराठीत पुढे शतकभर रंगला, आणि त्यातला हा एक आरंभीचा आवाज आहे. धर्मांतरासाठी आलेला माणूस वारकऱ्यांकडे इतक्या बारकाईनं बघतो, यातली गुंतागुंत सोपी करून सांगणं मला मान्य नाही.

जालन्याशी स्कॉटलंडचं मिशनरी नातं नंतरचं आणि वेगळ्या माणसाचं आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरात जन्मलेले आणि १८४३ साली ख्रिस्ती झालेले. त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभारली. ती उभारताना भोवतालच्या गावांतल्या मांग-महार समाजातली माणसं त्यांच्याबरोबर आली. इथं स्टीव्हन्सन आडनाव नाही, पण एडिंबरा आणि जालना यांच्यातली वाट दिसते. ज्या शहरात कादंबरीकार लहानाचा मोठा होत होता, त्याच शहरातल्या चर्चमध्ये त्याच वर्षांत जालन्याचं नाव घेतलं जात होतं.

तिसरा गट रेल्वेवाल्यांचा, म्हणजे 'पीएच' लिहिणाऱ्यांचा. जॉर्ज स्टीव्हन्सन (१७८१ ते १८४८) आणि त्याचा मुलगा रॉबर्ट (१८०३ ते १८५९) यांच्या 'रॉकेट' इंजिनानं १८२९ साली वाफेच्या गाड्यांचा प्रश्न निकालात काढला. रॉबर्टचा जन्म असईच्याच वर्षातला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला त्याचा सल्ला होता, आणि मुख्य अभियंता म्हणून आलेला जेम्स बर्कली हा त्याच्याच हाताखाली तयार झालेला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, त्यामागं हे नाव असं दुरून उभं आहे. कलकत्त्याकडे ईस्ट इंडियन रेल्वे उभी करणारा रोलंड मॅकडोनल्ड हाही स्टीव्हन्सनच, आणि पुन्हा वेगळ्या घरचा. जालन्याला गाडी यायला १९०० साल उजाडावं लागलं, आणि ती आली निजामाच्या मीटर गेज मार्गानं, मनमाडहून सिकंदराबादकडे जाताना.

आता प्रसिद्ध स्टीव्हन्सन. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे पणजोबा अ‍ॅलन हे व्यापारी. १७७४ साली वेस्ट इंडीजमध्ये तापानं गेले, तेव्हा त्यांचा मुलगा रॉबर्ट जेमतेम दोन वर्षांचा होता. त्याच्या आईनं पुढं दीपगृहांचे अभियंते थॉमस स्मिथ यांच्याशी लग्न केलं, आणि मुलगा सावत्र बापाचा धंदा शिकला. या रॉबर्टनं उत्तर समुद्रातल्या बेल रॉक या बुडत्या खडकावर दीपगृह उभं केलं. भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या त्या खडकावर १८०७ ला काम सुरू झालं आणि १८११ च्या फेब्रुवारीत दिवा पेटला. त्याच्या मुलांपैकी अ‍ॅलननं स्केरीव्होरचं दीपगृह बांधलं. धाकटा थॉमस हा कादंबरीकाराचा बाप. लुईनंही अभियंता व्हावं अशी घरची अपेक्षा होती. त्यानं आधी कायदा घेतला, मग लेखणी. 'ट्रेझर आयलंड' पुस्तकरूपानं १८८३ ला आलं, 'डॉ. जेकिल आणि मि. हाइड' व 'किडनॅप्ड' १८८६ ला. फुप्फुसाच्या आजारानं पिडलेला हा माणूस हवापालटासाठी देशोदेशी फिरला, सामोआत स्थिरावला आणि ३ डिसेंबर १८९४ ला चव्वेचाळिसाव्या वर्षी तिथंच गेला. सामोआतले लोक त्याला 'तुसिताला', म्हणजे गोष्टी सांगणारा, म्हणत.

तो हिंदुस्थानात कधी आला नाही. पण १८८९ च्या 'द मास्टर ऑफ बॅलंट्रे' या कादंबरीत त्यानं सेकंद्रा दास नावाचं एक हिंदी पात्र आणलं. दोन भावांच्या वैराच्या या कथेत ते खलनायकाचा इमानी सोबती म्हणून येतं आणि शेवटी पुरलेल्या मालकाला पुन्हा जिवंत करण्याची धडपड करतं. हे पात्र आपल्याला खरं वाटत नाही. पूर्वेकडचा माणूस म्हणजे गूढ विद्या जाणणारा, ही त्या काळच्या युरोपातली ठराविक कल्पना आहे. ज्याच्या आडनावाचा एक माणूस जालन्याच्या चिखलात प्रत्यक्ष वावरला होता, त्या लेखकानं रंगवलेला हिंदी माणूस इतका कागदी असावा, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. याच कारणानं मी म्हणतो की कादंबरीकार कितीही आवडो, आपल्या मुलखाच्या दृष्टीनं तो या आडनावातला सर्वांत कमी महत्त्वाचा माणूस आहे.

आणखीही स्टीव्हन्सन आहेत. १९१५ साली जैन धर्मावर इंग्रजीत पुस्तक लिहिणाऱ्या मिसेस सिंक्लेअर स्टीव्हन्सन, १९५२ आणि १९५६ ला अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आयझेनहॉवर यांच्याविरुद्ध हरलेले अ‍ॅडलाई स्टीव्हन्सन. त्यांचा जालन्याशी संबंध नाही, म्हणून त्यांना इथं नुसतं हात जोडून पुढं जातो.

पुस्तिका वाचताना एक पथ्य पाळावं. इंग्रजी कागदांत आपली गावं ओळखू न येण्याइतकी वाकलेली आहेत: असईचं असाये, भोकरदनचं बोकरदन, जालन्याचं जालनापूर किंवा जॉलना. त्यांनी आपली नावं बिघडवली तशी आपणही त्यांची बिघडवली, तेव्हा राग नको, दुरुस्ती हवी. मी गावांची आजची मराठी रूपं दिली आहेत.

आणि आडनावाच्या मोहात पडू नये. याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी, १६०८ साली नारायण सूर्याजी ठोसर जन्मले. आज त्यांना समर्थ रामदास म्हणून सगळे ओळखतात, ठोसर हे आडनाव मात्र अभ्यासकांनाच आठवतं. माणूस कामानं उरतो, आडनाव फक्त पत्ता सांगतं. स्टीव्हन्सन या पत्त्यावर एकाच नावाची बरीच वेगळी घरं आहेत, आणि त्यांतलं एक तरी जालनेकरांनी उघडून पाहायला हवं.

वाचकांना एक विनंती. भोकरदन, जाफराबाद, बदनापूर आणि जालना या तालुक्यांतल्या घरांत अजून माळ्यावर, पेटीत, देव्हाऱ्याखाली जुने कागद असतील. वतनाचे, महसुलाचे, गहाणखताचे. मोडीत असोत वा फारसीत, ते रद्दीत घालू नका. त्यांवर आलेली प्रत्येक बिन आणि वल्दची जोडी, गाव आणि साल यांसकट उतरवून ठेवा. पुस्तकांत ज्याची ओळख नुसत्या एका कामापुरती उरली आहे, त्या भोकरदनच्या वाटेवरल्या माणसासारख्या माणसांची नावं सापडली तर त्या कागदांतच सापडतील.